मैदान आणि प्रहर : सवाई गंधर्व महोत्सवातील एका दिवसाचे समीक्षण

प्रास्ताविक

मराठीतील संगीतसमीक्षा प्रामुख्याने कलावंतकेंद्री राहिली आहे. मैफलीत राग कोणता गायला गेला, बंदिश कोणत्या तालात होती, आलापी किती भरली, साथ कशी झाली, या प्रश्नांची उत्तरे देणे हे समीक्षकाने आपले काम मानले आणि ते काम त्याने पुष्कळदा उत्तम रीतीने केलेही. परंतु ज्या चौकटीत मैफल घडते ती चौकट सहसा त्याच्या विचाराचा विषय झाली नाही. जागा उघडी की बंदिस्त, वेळ दुपारची की मध्यरात्रीची, श्रोता खुर्चीवर की जमिनीवर, कलावंताला मिळालेला अवधी पाऊण तासाचा की तीन तासांचा, या गोष्टी वृत्तान्ताच्या पहिल्या परिच्छेदात येतात आणि तिथेच संपतात. वास्तविक रागसंगीतासारख्या कालाधिष्ठित कलेत चौकट ही आशयाचाच भाग असते. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात व्यतीत केलेल्या एका संपूर्ण दिवसाच्या आधारे या चौकटीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : ध्वनिक्षेपकावर कालमर्यादा आल्यानंतर या महोत्सवापुढे मैदान राखावे की रात्र राखावी असा पेच होता. महोत्सवाने मैदान राखले आणि रात्र सोडली. ही निवड योग्य होती, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे. मात्र या निवडीची सांगीतिक किंमत किती, याचा हिशोब आपण श्रोत्यांनी, समीक्षकांनी आणि संगीताच्या अध्यापकांनी अद्याप नीट मांडलेला नाही. तो मांडला तर गमावलेल्यापैकी काही परत मिळवण्याची वाटही त्यातून दिसते.

महोत्सवाची परंपरा

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे १९५२ साली पुण्यात निधन झाले. गुरूंच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था त्याचे आयोजन करते. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर या गुरुबंधू-भगिनींचे गायन हे दीर्घकाळ या महोत्सवाचे एक अंगच होते. शिष्याने गुरूसाठी भरवलेला स्मृतिसमारोह, हे त्याचे मूळ रूप. त्यातून देशभरातील सर्व घराण्यांच्या, गायन-वादन-नृत्य अशा तिन्ही शाखांच्या कलावंतांना सामावून घेणारी संस्था उभी राहिली. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजींचे निधन झाले आणि त्यानंतर त्यांचेही नाव महोत्सवाच्या नावात आले.

जुन्या श्रोत्यांच्या मनात या महोत्सवाचे जे चित्र आहे ते शनिवार पेठेतील रमणबाग शाळेच्या मैदानाचे आणि रात्रभर चालणाऱ्या बैठकीचे आहे. डिसेंबरची थंडी, जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्या, शाली आणि कानटोप्या, मध्यरात्रीचा चहा, आणि अखेरच्या पहाटे उजाडता उजाडता भीमसेनजींचे गायन असा तो क्रम होता. आज महोत्सवाचे स्थळ आणि काळ दोन्ही बदलले आहेत. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात आला. पूर्वीच्या तीन रात्रींऐवजी आता पाच दिवसांचा कार्यक्रम असतो. साधारणतः दुपारी सुरू होणारे सत्र रात्री दहाला संपते, एखाद्या दिवशी विशेष परवानगीने ते बारापर्यंत चालते आणि अखेरच्या रविवारी दुपारी बारालाच सुरुवात होते. अशाच एका अलीकडच्या रविवारी मी मुकुंदनगरच्या मैदानावर दुपारी बारा ते रात्री दहा बसून होते. पुढील निरीक्षणे त्या दिवसाची आहेत. त्या दिवसाच्या कलावंतांचे गुणदोष सांगणे हा येथे हेतू नसल्यामुळे त्यांची नावे घेतलेली नाहीत.

दहा तासांचा प्रवास

दुपारी बाराच्या सुमारास मंडप जेमतेम तृतीयांश भरला होता. भारतीय बैठकीत, म्हणजे जमिनीवरच्या आसनव्यवस्थेत, लवकर आलेली मंडळी चादरी पसरून नातेवाइकांसाठी जागा धरीत होती. कोणी डबा उघडला होता. मंडपाच्या कडेने ऊन आत येत होते. अशा विस्कळीत वातावरणात एका तरुण गायिकेने वृंदावनी सारंग आरंभिला. मध्यान्हीचा राग मध्यान्ही ऐकण्याचा योग शहरी श्रोत्याच्या आयुष्यात फारसा येत नाही, कारण त्या वेळी तो कार्यालयात तरी असतो किंवा जेवणाच्या पानावर. सारंगातील रिषभ आणि बाहेरचे पांढरे ऊन यांचा जो मेळ त्या पाऊण तासात अनुभवास आला तो सभागृहात येणे कठीण. हा योग तरुण कलावंताच्या वाट्याला आला आणि मंडप अर्धा रिकामा असताना आला, ही त्यातली उणीव. आपल्या महोत्सवांत ज्येष्ठताक्रम रात्रीकडे चढत जातो, त्यामुळे दुपारचे राग बहुधा उमेदवारांच्या हाती पडतात.

त्यानंतर बासरीवर भीमपलासी झाला. मंडप हळूहळू भरत होता. येथे खुल्या मैदानाचे एक लक्षण ध्यानात येते. सभागृहात श्रोत्याला दोनच पर्याय असतात, बसणे किंवा निघून जाणे. मैदानावर या दोहोंच्या मध्ये अनेक पायऱ्या असतात. कोणी पुढे सरकून बसतो, कोणी मागे भिंतीला टेकतो, कोणी ध्वनिमुद्रिकांच्या आणि पुस्तकांच्या विक्रीकेंद्रावर उभा राहून कान इकडे ठेवतो, कोणी मिसळ खाता खाता समेवर मान हलवतो. अवधानाची ही ये-जा शिस्तप्रिय समीक्षकाला खटकते. परंतु दहा तास एकाग्र राहणे कोणालाही शक्य नसते. मैदान श्रोत्याला थकण्याची मुभा देते आणि म्हणूनच त्याला परत येण्याचीही मुभा देते. माझ्या समोरच्या सतरंजीवर एक शाळकरी मुलगा आईच्या मांडीवर डोके ठेवून भीमपलासीभर झोपला होता. मुलतानीतील द्रुत बंदिशीच्या वेळी तो उठून बसला आणि बराच वेळ तबल्याकडे पाहत राहिला. त्याने काय ऐकले हे सांगता येणार नाही. परंतु असेच अर्धवट झोपेत ऐकत ऐकत ज्यांचा कान तयार झाला असे श्रोते महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

पाचच्या पुढे मुलतानी आणि त्यापाठोपाठ मारवा, हा त्या दिवसाचा मध्यबिंदू ठरला. डिसेंबरच्या मध्यावर पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. मारवा सुरू झाला तेव्हा मंडपाच्या कडेचा प्रकाश पिवळा होता. विलंबित संपताना तो राखाडी झाला आणि द्रुताच्या वेळी मंडपातील दिवे हाच एक प्रकाश उरला. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, वर्ज्य पंचम आणि लांबवत नेलेला षड्ज यांनी जी अस्थिरता निर्माण होते तिला संधिप्रकाश हे नाव आपण पाठ्यपुस्तकातून शिकतो आणि शिकवतो. येथे त्या नावाचा अर्थ डोळ्यांदेखत घडत होता. विक्रीकेंद्रांकडे जाणारी वर्दळ आपोआप कमी झाली. पाच हजार माणसे गप्प बसतात तेव्हा त्या शांततेलाही एक वजन असते, आणि ते कोणी घोषणा करून आणलेले नसते.

सातनंतर वातावरण बदलले. मंडप पूर्ण भरला, मोठ्या पडद्यांवरची चित्रे ठळक झाली, गारवा वाढला. यानंतरच्या वादनात सवाल-जबाब रंगले आणि टाळ्यांचा पाऊस पडला. टाळी आणि दाद यांतील फरक अशा वेळी स्पष्ट होतो. दाद ही व्यक्तीची असते. ती एखाद्या स्वरावर, एखाद्या अनपेक्षित वळणावर, श्रोत्याच्या तोंडून निसटते आणि कलावंतापर्यंत पोहोचून त्याला पुढची जागा सुचवते. टाळी समूहाची असते आणि तिला ठळक निमित्त लागते. तिहाई, लांब तान, चढती लय ही ती निमित्ते. मैदानाच्या मागील अर्ध्या भागातून उमटलेली दाद रंगमंचापर्यंत पोहोचत नाही, टाळीच तेवढी पोहोचते. परिणामी कलावंताला श्रोत्यांकडून मिळणारा प्रतिसाद एकाच प्रकारचा होतो आणि तो त्या प्रकाराला अनुकूल असे गाऊ-वाजवू लागतो. मैदानाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. पडद्यांनी तिच्यात भर घातली आहे. पडद्यावर तबलजीची बोटे दिसतात, पण सूर दिसत नाही. श्रोत्याचा प्रेक्षक होण्याची वाट तिथूनच सुरू होते.

नऊच्या सुमारास एका ज्येष्ठ गायकाने यमन आरंभिला. स्वर लागला, गंधार भरून आला, विलंबित एकतालातील बढत निषादापर्यंत पोहोचली, आणि त्याच क्षणी गायकाची नजर घड्याळाकडे गेली. पुढे जे झाले ते अनुभवी कलावंताने मोठ्या शिताफीने सावरले. परंतु तार षड्जाकडे जाण्याची जी सावकाश तयारी चालली होती ती अर्ध्यावर सोडून द्रुत बंदीश धरावी लागली, हे लपले नाही. दहाला काही मिनिटे असताना भैरवी झाली. त्यानंतर महोत्सवाच्या प्रघाताप्रमाणे सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेतील भैरवी ऐकवण्यात आली. उठलेली माणसे चपला हातात घेऊन उभ्या जागी थांबली. मुद्रिका संपली तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही.

प्रहरांचा हिशोब

वरील अनुभवात जे मिळाले आणि जे मिळाले नाही त्याची मांडणी शास्त्राच्या आधारे करता येते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागसमयाची जी व्यवस्था मांडली तिच्यात अहोरात्राचे दोन भाग आहेत. दुपारी बारा ते रात्री बारा या भागात गायले जाणारे ते पूर्वराग. त्यांचा वादी स्वर सामान्यतः सप्तकाच्या पूर्वांगात असतो. रात्री बारा ते दुपारी बारा या भागात गायले जाणारे ते उत्तरराग. त्यांचा वादी सामान्यतः उत्तरांगात असतो. या नियमाला हमीरसारखे अपवाद आहेत, तथापि व्यवस्थेचा साचा स्पष्ट आहे.

आता महोत्सवाच्या वेळा या साच्यावर ठेवून पाहाव्यात. रविवारचे सत्र दुपारी बारा ते रात्री दहा. इतर दिवशीचे सत्र याहून लहान. विशेष परवानगीचा दिवस धरला तरी मर्यादा रात्री बाराची. याचा अर्थ असा की, आजच्या वेळापत्रकाप्रमाणे महोत्सवाचा सर्व काळ पूर्वरागांच्या भागात पडतो. उत्तररागांचे बारा तास पूर्णपणे महोत्सवाच्या बाहेर आहेत. चार रागांऐवजी तीन राग ऐकायला मिळाले, अशा स्वरूपाची ही घट नाही. व्यवस्थेचे एक संपूर्ण अर्ध हरपले आहे.

याचे परिणाम रागांच्या जोड्या घेतल्या की ध्यानात येतात. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत. पूरिया मंद्र सप्तकाकडे झुकतो, मारवा मध्य सप्तकात रिषभ-धैवतावर तोलला जातो आणि सोहनी तार षड्जाच्या आसपास चमकते. पहिले दोन सायंकाळचे, तिसरा रात्रीच्या अखेरच्या प्रहरातला. स्वर तेच असूनही चलनाने राग कसा पालटतो हे शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही. सायंकाळी मारवा ऐकलेल्या श्रोत्याने त्याच मैदानावर पहाटेपूर्वी सोहनी ऐकली तर त्याला हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. भूप आणि देसकार यांचेही तसेच. दोन्हींत मध्यम-निषाद वर्ज्य, परंतु भूपाचा वादी गंधार आणि तो रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. देसकाराचा वादी धैवत आणि तो सकाळचा. दरबारी मंद्रात खोल जातो आणि अडाणा तारेत झेप घेतो. रात्रभराच्या बैठकीत या जोड्यांचे दोन्ही दुवे श्रोत्याच्या कानावरून जात. आज बहुतेक जोड्यांचा एकच दुवा उरतो.

येथे एक विशेष नोंद करावीशी वाटते. ज्या घराण्याच्या गायकाच्या स्मरणार्थ हा महोत्सव आहे त्या किराणा घराण्याच्या गायकीत तोडी, ललत, मालकंस या रागांना मोठे स्थान आहे. भीमसेनजींच्या तोडी-ललतांनी तर श्रोत्यांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. हे सर्व उत्तररागांच्या अर्धातले राग आहेत.

भैरवीच्या बाबतीत घडलेला बदल अधिक सूक्ष्म आहे. भैरवी हा प्रातःकालचा राग असून संकेताने ती कोणत्याही वेळी मैफलीच्या शेवटी गायली जाते. महोत्सव सकाळी संपत असे तेव्हा संकेत आणि समय एकत्र येत. भैरवी शेवट म्हणूनही योग्य असे आणि सकाळ म्हणूनही. रात्री दहाच्या भैरवीत संकेत शिल्लक आहे, समय निघून गेला आहे. तरीही ती आपल्याला रुचते, कारण ती मागच्या अनेक सकाळींची आठवण देते. ज्यांनी त्या सकाळी पाहिल्या नाहीत त्यांना ती केवळ कार्यक्रम संपल्याची खूण आहे.

निवड कोणती होती

ही घट कोणाच्या अरसिकतेमुळे झाली, असे समजणे अन्यायाचे होईल. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास त्यांनी मनाई केली. सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार २००२ च्या दुरुस्तीने राज्यांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात या निर्बंधांना भक्कम आधार दिला. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा याच नियमांत आहे.

या नियमांतील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत ऐकू येईल अशा रीतीने, रात्रीही ध्वनिक्षेपक वापरता येतो. १९५२ साली सुरू झालेल्या कोलकात्याच्या डोव्हर लेन संगीत संमेलनाने बंदिस्त सभागृहात रात्रभराची बैठक टिकवून धरली ती याच वाटेने. पुण्यालाही ही वाट मोकळी होती. तिची किंमत मात्र उघड आहे. सभागृहात जागा हजार-दोन हजारांची. मग तिकिटाचा दर चढणार, भारतीय बैठक जाणार, स्वस्तातले हंगामी तिकीट काढून पाच दिवस सतरंजीवर बसणारा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बाहेरगावाहून आलेला वारकरी वृत्तीचा श्रोता बाहेर राहणार. म्हणजे रात्र राखली असती तर मैदान गेले असते. महोत्सवाने मैदान राखले. हा निर्णय कोणत्या चर्चेतून झाला हा मुद्दा येथे महत्त्वाचा नाही. परिणामाच्या दृष्टीने ती निवडच होती.

खिडकीतली श्रोती

या निवडीचे मूल्यमापन करताना त्या दिवशी शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंचे बोलणे मला महत्त्वाचे वाटते. त्यांचे सासर रमणबागेजवळच्या एका वाड्यात होते. यमन सुरू होण्यापूर्वीच्या मध्यंतरात मी जुन्या रात्रींची आठवण काढली, तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, आम्ही कुठल्या तिथं बसायला? घरातले पुरुष जायचे. आम्ही खिडकीत बसून ऐकायचो. भीमसेन पहाटे गायचे तेव्हा मी बंबात लाकडं घालत असायची. सगळं ऐकलंय मी, पण गाणारा माणूस दिसला नाही कधी.” थोडे थांबून त्या पुढे म्हणाल्या, “आणि आमच्या खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंना दमा होता. त्यांना त्या तीन रात्री शिक्षा वाटायची. ते पण खरं.”

या चार वाक्यांत आपल्या स्मरणरंजनाची दोन्ही अंगे उघडी पडतात. रात्रभराची बैठक सर्वांसाठी होती असे आपण म्हणतो तेव्हा ‘सर्व’ या शब्दात कोण बसत होते? रात्र घराबाहेर काढण्याची मुभा ज्यांना होती, दुसऱ्या दिवशी उशिरा उठले तरी ज्यांचे चालत होते, ते. अनेक घरांतील स्त्रिया त्या काळीही बैठकीत होत्या, गंगूबाई तर रंगमंचावरच होत्या. तथापि अनेक स्त्रियांच्या वाट्याला खिडकीच आली. त्याच खिडकीतून आत येणारा जो सूर एकीला प्रसाद वाटला तो दुसरीला यातना वाटला. दाट वस्तीच्या पेठेत ध्वनिक्षेपकाचा सूर कोणाला विचारून घरात शिरत नाही. म्हणून कालमर्यादेचा नियम रसिकतेच्या विरोधात आहे, हे म्हणणे मला मान्य करता येत नाही. तो आजारी शेजाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि संगीताने आजारी शेजाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहू नये.

दुपारच्या सत्राने ती बाई मैदानावर आली, हे विसरून चालणार नाही. नातीने आणून सोडले होते आणि दहाला ती न्यायला येणार होती. ‘गाणारा माणूस’ त्यांना आता दिसत होता. परंतु खिडकीतून ऐकलेला पहाटेचा तोडी किंवा ललत या मैदानावर त्यांना ऐकायला मिळणार नव्हता. निवडीचे लाभ आणि हानी एकाच व्यक्तीच्या ठायी अशा एकवटलेल्या मला त्या दिवशी दिसल्या.

दोन आक्षेप

वरील प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, रागसमय हा केवळ संकेत आहे. कर्नाटक संगीतात त्याचा असा आग्रह नाही. ध्वनिमुद्रिकेने तर तो केव्हाच मोडीत काढला. तेव्हा मालकंस रात्री आठला गायला तर काय बिघडले? सूर तेच राहतात, हे खरेच आहे. काही कलावंत अशी मोकळीक घेतातही. परंतु त्या दिवशी मारव्याच्या वेळी जे घडले ते केवळ सुरांनी घडले नव्हते. उतरता प्रकाश, गार होत जाणारी हवा, दिवसाचा शीण आणि राग यांनी मिळून ते घडवले. समयसंकेत निसर्गाने दिलेला नसेल. तो पिढ्यान् पिढ्या ऐकून जमलेला साहचर्याचा संचय आहे. असा संचय वापराने टिकतो. वापरला नाही तर तो पाठ्यपुस्तकातील तक्त्यात जाऊन बसतो, आणि तक्ता पाठ करणारा विद्यार्थी आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, उत्तरराग अन्यत्र ऐकायला मिळतात. महाराष्ट्रात दिवाळी पहाटच्या मैफली ठिकठिकाणी होतात, हे खरे. परंतु त्यांचा कल बहुतांशी नाट्यगीत, भावगीत, अभंग यांकडे असतो. तास-दीड तासाचा सविस्तर तोडी हा त्यांचा विषय सहसा नसतो. शिवाय एका मैफलीत सकाळ ऐकणे आणि एकाच मैदानावर दिवसाच्या प्रवाहात सकाळ ऐकणे, यांत फरक आहे. जोड्यांचा जो धडा वर सांगितला तो सातत्यातूनच मिळतो.

समारोप

या विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. एक, खुले मैदान हा या महोत्सवाचा प्राण असून अवधानाच्या ये-जेला वाव देणारी त्याची बैठक हीच नव्या श्रोत्याची शाळा आहे. दोन, कालमर्यादेमुळे भातखंडे-व्यवस्थेतील उत्तररागांचे अर्ध महोत्सवाच्या कक्षेबाहेर गेले आहे आणि या हानीची जाणीव वाढवणे हे समीक्षेचे काम आहे. तीन, या बदलामुळे दुपारच्या रागांना जी अपूर्व संधी मिळाली तिचा पुरेसा उपयोग होत नाही. एखाद्या ज्येष्ठ कलावंताने दुपारी दोनला गौड सारंग किंवा चारला भीमपलासी सविस्तर गायचे ठरवले, तर ज्येष्ठतेचा आणि रात्रीचा जोडलेला संबंध सैल होईल.

चौथा मुद्दा सूचनेच्या स्वरूपाचा आहे. नियमाने निषिद्ध केलेली वेळ सकाळी सहाला संपते. डिसेंबरात पुण्यात सूर्योदय सातच्या आसपास होतो. म्हणजे हिवाळ्यातील पहाटेचा संधिप्रकाश नियमाच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. रात्र गेली हे खरे, परंतु ललत, भैरव, देसकार, तोडी, जौनपुरी यांची सकाळ कायद्याने कोणी घेतलेली नाही. मैदानावरचा आवाज आवर्जून मर्यादित ठेवून सकाळी सहा-साडेसहाला सुरू होणारे सत्र महोत्सवांच्या आयोजनात नियमाने असावे, आणि त्यात उत्तरराग सविस्तर गायले जावेत, अशी अपेक्षा करणे गैर नाही. मालकंस, दरबारी, सोहनी यांची उणीव त्याने भरणार नाही. निम्मी हानी भरून निघाली तरी ती थोडी नव्हे.

मोठ्या महोत्सवांनी हे केव्हा करावे हे त्यांनी ठरवावे. आपल्या महाविद्यालयांना मात्र त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. बहुतेक महाविद्यालयांना मैदान आहे, संगीत विभाग किंवा निदान सांस्कृतिक मंडळ आहे, आणि हिवाळ्याची सकाळ सर्वांनाच आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय, शे-दीडशे विद्यार्थ्यांपुढे, एक तानपुरा आणि एक तबला घेऊन उजाडताना गायलेला तोडी हा अभ्यासक्रमातील कोणत्याही घटकाइतका शिकवून जाईल. त्या बैठकीची सांगता भैरवीने होईल तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतील, आणि भैरवी सकाळची का, हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.